कलिंगडाच्या वावरातली जर्मनी

या, अशा जवळ सरकून बसा. लांबून सांगायची ही गोष्ट नाही, आणि आधी मला तुम्हाला थोडं बोलायचंही आहे. आमच्या विहीणबाईंची ती फिल्म तुमच्या मोबाईलवर आली, तुम्ही पोट धरधरून हसलात, भावकीत, माहेरी, भिशीच्या ग्रुपवर पुढं ढकललीत, आणि शेवटची दोन मिनिटं बघितलीच नाहीत. नाही म्हणू नका, मी ज्याला त्याला विचारून बघितलंय. जो तो म्हणतो, बंब आला आणि संपली ना? संपली नव्हती, बाई. चौदा मिनिटांची तर फिल्म, त्यात बाराव्या मिनिटाला कुठली एवढी घाई झाली होती तुम्हाला? म्हणून आता मीच सांगते, पहिल्यापासून.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आमच्या विहीणबाईंएवढ्या मोठ्या आवाजाची बाई झाली नाही आणि पुढं होईल असंही वाटत नाही. माझ्या थोरल्या लेकीची ही सासू. त्या निमगाव सावाच्या, मी कळंबची. आता हा आवाज काही जन्मजात नाही, तो शेतीनं दिलेला आहे. यांची विहीर वावराच्या एका टोकाला आणि पाणी धरायचं दुसऱ्या टोकाला. व्याही मोटरीपाशी, विहीणबाई दाऱ्यावर पाणी वळवायला. चालू करा, बंद करा, फुटलं, थांबा, असं तीस वर्षं ओरडून ओरडून तो गळा तयार झाला. आता मोबाईलवरून मोटर चालू होते, पण गळा मागं कसा घ्यायचा? त्या घरात मीठ मागतात तेव्हा शेजारचे दोन जण मीठ घेऊन येतात. साखरपुड्याला त्यांनी मला बाजूला घेऊन, कानाशी तोंड आणून, अगदी गुपचूप सांगितलं की जिलबी कमी पडणार, जरा बेतानं वाढा. शेवटच्या पंगतीपर्यंत लोकांनी आपापल्या ताटातल्या जिलबीवर हात ठेवले. फोनवर तर विचारूच नका. फोन आपला आवाज पोचवतो यावर त्यांचा विश्वासच नाही, आपणच तो पोचवायचा असतो अशी समजूत. त्यांचा फोन आला की मी तो कट्ट्यावर ठेवते आणि चार हात लांब तांदूळ निवडत बसते. सगळं नीट ऐकू येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मनात आलेलं त्यांना करून बघावंच लागतं. टीव्हीवर एकदा दाखवलं की अळंबी अंधारात येते. दुसऱ्या दिवशी आतली खोली रिकामी. खिडकीला पोती, पलंग ओसरीवर, व्याही पलंगासकट ओसरीवर. अळंबी काही आली नाही, पण व्याह्यांना ओसरीवरचा वारा एवढा मानवला की ते आजतागायत तिथंच झोपतात. कुणी विचारलं तर विहीणबाई सांगतात, "वाया गेलं कसं? मानूस बरा झाला न्हाई का?" एसटीत बसल्या तर ड्रायव्हरला कुठल्या चढावर कोणता गिअर लागतो ते सांगतात, आणि डॉक्टरकडं गेल्या तर रांगेतल्या निम्म्यांना बरं करून मगच आत जातात. अशी ही बाई परदेशात गेली. जर्मनीत. आणि ती माझ्यामुळं गेली, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. लेक-जावई जर्मनीत, लेकीला काही इकडं येता येईना. तिकडचे डॉक्टर, नोकरी, काय काय. मग आईनं जायचं, दुसरं कोण? माझा पासपोर्टसुद्धा घरी आला होता. आणि ऐन वेळी मी सांगितलं, माझे गुडघे फार दुखतात, एवढा वेळ विमानात बसवणार नाही. मुलाच्या आईला असा मोका आयुष्यात एकदाच मिळतो. जन्मभर ऐकवलं असतं तरी मी खाली मान घालून ऐकलं असतं. पण विहीणबाईंच्या तोंडून टोमण्याचा एक शब्द नाही. एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, कळंबच्या. मी जाते. पोरीचं अंग तरी कोन चोळंल तिकडं?" आणि डिंकाचे लाडू, ओवा, बाळंतशेपा आणि एक छोटी लोखंडी शेगडी घेऊन, ज्या बाईनं पुण्याच्या पुढचं काही पाहिलं नव्हतं ती थेट विमानात जाऊन बसली.

तिथले त्यांचे पराक्रम त्यांनी परत आल्यावर स्वतःच सगळ्या शिवाराला ऐकवलेत. खोली गरम करायच्या लोखंडी पट्ट्यांवर सांडगे वाळवले. बस थांब्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला रामराम घातला, आणि महिन्याभरानं एक म्हातारा त्यांच्याआधी हात जोडायला लागला. तिकडं रविवारी आवाज करायचा नाही अशी रीत. आपल्या विहीणबाईंनी पहिल्याच रविवारी खलबत्त्यात ठेचा कुटला, तेव्हा खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन बरंच काही बोलून गेली. यांना त्यातलं अक्षर कळलं नाही. यांनी तिला वाटीभर ठेचा दिला.

आणि मग ती धुरी. बाळाला न्हाऊ घातलं की ओव्याची धुरी द्यायची, त्याशिवाय न्हाणं पुरं होतं का? तिकडं अंगणात मांस भाजायला कोळसा विकत मिळतो, तो त्यांच्या पोरानं, म्हणजे आमच्या जावयानं, आणून दिला होता. पोरगा कामावर, बाहेर बर्फ, बाळ पाच आठवड्यांचं. विहीणबाईंनी गॅलरीत निखारे फुलवले, शेगडी आत आणली, वर ओवा आणि लसणाची सालं टाकली. छताला धुराची घंटा असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती जी वाजायला लागली, ती एकामागून एक सगळ्या इमारतीत वाजली. चार मजल्यांवरची माणसं जिने उतरून बर्फात उभी राहिली. आगीचा बंब आला. विहीणबाई त्या बंबवाल्याला मराठीतून ओव्याचे गुण सांगत होत्या आणि माझी लेक पाच आठवड्यांची पोर चादरीत गुंडाळून, पायात घरातल्या सपाता, अर्धा तास त्या रस्त्यावर उभी होती. ही गोष्ट विहीणबाई इतकी रंगवून सांगायच्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण बंब निघून गेला की गोष्ट थांबायची. त्यानंतर काय झालं, हे कधी कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

मला मात्र कळत होतं की काहीतरी झालंय. त्या मार्चात परत आल्या आणि तेव्हापासून सासू-सुनेचं बोलणं बंद. भांडण म्हणावं तर तेही नाही. रविवारी जावई फोनवर नात दाखवायचे. मागं माझ्या लेकीचं कोपर दिसायचं, फार तर ओढणी. हाक मारली की ती कामात असायची. पोर बसायला लागली, रांगायला लागली, आणि सुनेनं सासूला आपणहून एक फोटो धाडला नाही. सासूनंही मागितला नाही. नऊ महिने असे गेले. लेकीला विचारलं की म्हणायची, "सगळं बरं आहे आई. तू गुडघ्यांना तेल लावतेस ना?" असं न बोलता बोलता घरं तुटलेली बघितलीत मी, तेही एकाच उंबऱ्यातली. इथं तर मध्ये समुद्र होता.

अशात डिसेंबरात एक दिवस सकाळच्या एसटीनं विहीणबाई कळंबला आल्या. पाणीही न पिता म्हणाल्या, मी पिक्चर काढणार हाय. जर्मनीचा. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, सगळी इचारत्यात, सांगून सांगून दमले, एकदा काढून ठिवला की ज्याला पायजे त्यानं बघावा. आमच्या कळंबमधले लग्नाचं शूटिंग करणारे एक भाऊ आहेत, पन्नाशीचे, मोठे सज्जन. त्यांना त्यांनी त्याच पावली ठरवून टाकलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, तुमी सूनबाई व्हायचं. मी त्रेसष्ट वर्षांची, केस पांढरे, पुढचे दोन दात गेलेले. मी सूनबाई? त्या म्हणाल्या, "तुमच्याच पोटची हाय ती. चालती कशी, गप बसती कशी, ते तुमाला ठावं." लेकीच्या सासरी आईनं मुक्काम करायचा नाही ही आमच्याकडची जुनी रीत, पण नात झाली की ती सुटते. मी लेकीचा ठेवणीतला स्वेटर काढला आणि आठ दिवसांसाठी निमगावला गेले.

आता बर्फ. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत तो बर्फ कुठून आणला. यांच्या चार एकरांत कलिंगडाची लागण झाली होती आणि वेलांवर पांढरं क्रॉप कव्हर टाकलेलं होतं, थंडीपासून आणि किडीपासून राखायला टाकतात ते. जानेवारीची पहाट, धुकं, आणि सरीवर सरी पांढरी. विहीणबाई रोज ते बघत होत्या आणि त्यांच्या डोक्यात जर्मनी पिकत होती. उरलेले सगळे गठ्ठे त्यांनी बांधावर पसरले, पंपाच्या खोलीवर टाकले, लिंबाच्या फांद्यांवरून सोडले. खरं सांगते, लांबून बघितलं तर हुबेहूब. फक्त विहीणबाई लेकाचा ओव्हरकोट घालून बर्फातून चालायला लागल्या तेव्हा ऊन वर आलं होतं आणि घामाच्या धारा लागल्या. शूटिंगवाले भाऊ नम्रपणे म्हणाले, काकू, बर्फात माणसाला घाम येत नाही. त्यावर, बर्फात तुमी गेलता का मी गेलते, असा प्रश्न आला आणि भाऊंनी कॅमेरा पुन्हा चालू केला. नऊच्या सुमाराला वारा सुटला आणि अर्धी जर्मनी उडून शेजाऱ्याच्या कांद्यात जाऊन पडली. शेजारी चिडून आला होता, तर त्यालाच मफलर बांधून बस थांब्यावर उभा केला. तोच तो रामराम घालणारा म्हातारा. छान केलंय की नाही काम?

विमानतळ आम्ही द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये केला. तिथं क्रेट सरकत येतात त्या पट्ट्यावर विहीणबाईंची बॅग आली, पुढं द्राक्षं, मागं द्राक्षं. पांढरे कोट आणि डोक्याला टोप्या घातलेल्या बायका आयत्याच मिळाल्या. खालच्या मजल्यावरची जर्मन बाई म्हणजे आमचे निवृत्त गुरुजी. गावात तेवढेच गोरे. त्यांना स्कार्फ बांधला, पण त्यांची अडचण अशी की अख्ख्या गावासारखे तेही विहीणबाईंना भितात. रागवायला म्हणून दारात उभे राहिले आणि दर वेळी आधी हात जोडले. आणि बोलायचं काय? जर्मन कुणाला येते? विहीणबाई म्हणाल्या, मला तवा बी काय कळलं न्हवतं, तुमी कायबी बोला, फकस्त रागानं बोला. मग गुरुजींनी सतराचा पाढा म्हटला. चाळीस वर्षं पोरांवर ओरडून म्हटलेला, त्यामुळं त्यात राग आपोआप आला. बंब म्हणून पाण्याचा टँकर, आणि रस्त्यावर थंडीत उभी राहिलेली इमारत म्हणजे बचत गटाच्या चौदा बायका, शाली आणि माकडटोप्यांमध्ये. शूटिंगवाल्या भाऊंना लग्नाची सवय, ते सारखं सगळ्यांना इकडं बघा, हसा म्हणत. म्हणून तर बंब दारात आला तरी बायका हसताना दिसतात. हसायला आलं तुम्हाला, मान्य आहे. आम्हीही हसलो. तिथवर सगळंच हसण्यासारखं होतं.

शेवटच्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, एक शीन ऱ्हायलाय. घरातला. बंब गेल्यावरचा. मला सांगितलं एवढंच की मी बोलणार, तुमी गप ऐकायचं, मग बाथरूममध्ये जायचं, दार लावायचं आणि नळ सोडायचा. बोलणार काय ते सांगितलं नाही. मी स्वेटर घालून, कडेवर उशी गुंडाळून उभी राहिले. भाऊंनी चालू म्हटलं. आणि विहीणबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. पहिल्या वेळी नाही, दुसऱ्या वेळी नाही. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "जेवून घे," आणि स्वतःच मान हलवली, हे न्हाई. भाऊंना वाटलं पाठांतर विसरल्या. सहाव्या वेळी त्यांनी गुरुजींना, बायकांना, व्याह्यांना, एक भाऊ सोडून सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आणि म्हणाल्या, "तुझी आई का आली न्हाई, ते आज कळलं मला. तुझ्यापाशी कुनालाच ऱ्हाववायचं न्हाई."

मला गप्प राहायचं होतं. माझी लेक गप्प राहिली असणार, ती तशीच आहे, अर्धा तास बर्फात उभी राहून आलेली, ओली बाळंतीण. पण मी लेक नव्हते ना. तिच्या वाट्याला आलेलं ते वाक्य माझं होतं. मी घरी कट्ट्यावर बसून न दुखणाऱ्या गुडघ्यांना तेल चोळत होते तेव्हा तिनं ते ऐकून घेतलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई येणार होती. पासपोर्ट आला होता तिचा. विमानाला भ्याली ती. गुडघे धडधाकट आहेत तिचे." एवढं म्हणून मी आत गेले, दार लावलं, नळ सोडला आणि उशी छातीशी धरून उभी राहिले. किती वेळ झाला तरी बाहेरून कुणी झालं म्हणेना. बाहेर विहीणबाई दारापाशी आल्या होत्या, हे मी नंतर फिल्ममध्ये बघितलं. दार वाजवायला त्यांनी हात वर केला, तो तसाच धरला आणि मग खाली घेतला. पुन्हा वर केला. पुन्हा खाली. भाऊंना वाटत होतं आता थांबवावं, पण त्यांचं बोट हललं नाही. तीच ती दोन मिनिटं, जी तुम्ही बघितली नाहीत.

नंतर आम्ही पायरीवर बसलो. मी म्हटलं, एवढं सगळं मांडण्यापेक्षा एक फोन केला असता तर? त्या म्हणाल्या, "फोनवर तोंड उघडलं की माझ्या तोंडातून भलतंच निघतंय, आन निघालं की निघालं. पिक्चरमदी परत घेता येतंय ना. म्हनलं, सहा वेळा घ्यावं, येक तरी बरूबर येईल." माझं ते वाक्य कापायचं का, असं भाऊंनी विचारलं. विहीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, राहू द्या.

फिल्म तयार झाली तशी त्यांनी ती पहिल्यांदा सुनेला धाडली. पोराला नाही, सुनेला. भाऊंनी मात्र हौसेनं त्यांच्या ग्रुपवर टाकली आणि तिथून ती तुमच्याकडं आली. दोन तालुके हसत होते आणि निमगावात आम्ही दोघी उत्तराची वाट बघत होतो. मी मुद्दाम तिथंच राहिले होते. चार दिवस काही नाही. विहीणबाई फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वावरात न्यायच्या, दर दोन सरींना काढून बघायच्या. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर असताना तो वाजला. त्यांना स्पीकर बंद करता येत नाही म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर मी ऐकलं नसतं. माझी लेक सासूला म्हणाली, "आई, त्या दिवशी मी आतून कडी लावलीच नव्हती."

विहीणबाई खाली बसल्या, तिथंच, ढेकळांत. म्हणाल्या, "मग मी ढकलायला पायजे व्हतं."

"हो," लेक म्हणाली.

मग तिनं फोन पोरीकडं वळवला, स्वतःच्या हातानं. पोर धरून धरून उभी राहायला लागली होती. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि सोडला आणि म्हणाल्या, पायात कायतरी घाल तिच्या, फरशी गार असती. आणि लेक म्हणाली, घालते. एवढंच. मी उठून जायला लागले तर फोनमधून हाक आली. "आई, गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, बरे आहेत. "मग दोघी या. एप्रिलमध्ये. एकमेकींना सोडून येऊ नका."

मी हो म्हणून बसलेय. पासपोर्ट काढून ठेवलाय, स्वेटर धुतलाय. जाईपर्यंत मी निमगावलाच राहतेय, आणि विहीणबाई रोज मला विमान शिकवतात. ओसरीवर व्याह्यांच्या पलंगावर बसवून कमरेला उपरणं बांधतात आणि आता उडालं, आता काई न्हाई, आता निस्तं ढगातून चाललंय, असं सांगतात. आवाज पार रस्त्यावर जातो. जाणारे-येणारे थांबून बघतात. त्या म्हणतात, खिडकीशी तुमी बसा, मी मधी बसते, भ्या वाटलं तर माझा हात धरा. मी भ्यालेले आहे, तुम्हाला सांगायला काय लाज? रात्री डोळे मिटले की जमीन खाली जाते. पण त्रेसष्टाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला हात धरायला सांगतंय, आणि तीही विहीण, हे किती जणींच्या नशिबी येतं? तर एप्रिलच्या आधी एखाद्या सकाळी निमगावला येऊन जा. जायच्या आधी चार माणसं भेटून गेली की मला जरा धीर येईल. या लवकर.